अक्कांचा दिवस आधी मावळायचा

जानेवारीतल्या त्या दिवशी मी शिरवळला कंपनीत होतो. मेहुण्याचा, अजितचा फोन आला. अजित फोनवर आधी पाऊसपाणी विचारतो, मग पोरांची चौकशी करतो आणि मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "दाजी, अक्का गेली," एवढंच म्हणाला. आणि फोन ठेवताना म्हणाला, "सूर्य हाय तवर या."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. नाव सुमती, पण सांगलीजवळच्या त्यांच्या गावात लहानथोर सगळेच त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. एखादा माणूस गेल्यावर घरचे 'लवकर या' म्हणतात. अजित 'सूर्य आहे तोवर या' म्हणाला, त्याला कारण होतं. त्या घरात गेली काही वर्षं सूर्य आहे की नाही, यावरून रोज संध्याकाळी जीव टांगणीला लागत असे. अक्कांच्या पोटात अन्न जाणार की नाही, हे त्यावर ठरायचं.

साताऱ्यात घरी येऊन सुजाताला, माझ्या बायकोला, गाडीत घेतलं आणि निघालो. महामार्गाचं काम चालू आहे, त्यामुळे कराडपर्यंत धुरळ्यातूनच जावं लागलं. पुढे उसाचा मुलूख सुरू झाला. कारखान्यांचे बॉयलर पेटून दोन-अडीच महिने झाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दूरवर कुठे ना कुठे फड पेटलेला, वीटभट्ट्यांचा धूर जमिनीलगत आडवा पसरलेला. सुजाता रडत नव्हती. ती उजवीकडच्या काचेतून सूर्याकडे बघत बसली होती. आष्ट्याच्या अलीकडे तो तांबूस झाला आणि ती पहिल्यांदा बोलली, "जरा जोरात चालवा."

आमचंही घर जैनच, पण साताऱ्यात नोकरीच्या धबडग्यात आम्ही नियम केव्हाच सोडून दिले होते. अक्कांनी सोडले नव्हते. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा एसटी वाटेत बंद पडली आणि पोचायला अंधार झाला. अक्का केव्हाच जेवून बसल्या होत्या, पण आमच्यासाठी चूल पुन्हा पेटवली, गरम भाकरी केल्या. माजघरातला दिवा मिणमिणता होता. मी खाली मान घालून जेवत होतो. अक्कांनी कंदील उचलून माझ्या ताटाशी आणून ठेवला. "पावनं, ताटात काय पडलंय ते दिसतंय न्हवं? का हिशेबानंच खाताय?" मी हिशेबखात्यात आहे, हे त्यांना सोयरीक जुळवतानाच कळलं होतं. त्यानंतर पंचवीस वर्षं त्यांनी ते मला विसरू दिलं नाही.

त्यांचा नियम घड्याळाचा नव्हता. घराच्या मागच्या बाजूला पश्चिमेकडे एक रुंद दगडी पायरी आहे. तिथून पुढे नुसतं रान, आणि हवा स्वच्छ असेल तर रानाच्या पलीकडे डोंगरांची निळी ओळ. संध्याकाळी म्हशींची धार काढायची, दूध डेअरीला पाठवायचं, हात धुवायचे आणि मग ताट घेऊन त्या पायरीवर बसायचं. जनावरांचं झाल्याशिवाय त्या जेवत नसत. सूर्य दिसतो आहे तोवर जेवायचं. त्याची कोर डोंगराआड गेली की ताटात हात धुवायचा, मग भाकरी अर्धी उरलेली का असेना. त्या उजेडात आपल्याला काय खातो ते दिसतं, एखादा बारीक जीव पडला तर तो दिसतो आणि वाचतो, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. लहानपणापासून असंच चाललं होतं आणि त्यात कधी अडचण आली नव्हती, कारण सूर्य आणि धारेची वेळ यांचा मेळ त्यांना पाठ होता.

तो मेळ बिघडायला लागल्याचं प्रथम त्यांनीच सांगितलं. एका दिवाळीनंतर आम्ही गेलो असताना म्हणाल्या, "दिवस आता आधी मावळतोय." मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. सूर्यास्ताची वेळ दरवर्षी त्या त्या तारखेला तीच असते, हे समजावलं. कॅलेंडरातली वेळ मुंबईची असते आणि सांगलीत तो दोन-चार मिनिटं आधी मावळतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. डोंगराच्या उंचीपायी आणखी थोडा फरक पडतो. पण अक्का सांगत होत्या तो फरक पाव तासाचा, कधी कधी अर्ध्या तासाचा होता. "मग माझं डोळं गेलं आसतील," त्या म्हणाल्या. आम्हालाही तेच वाटलं. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं... कारण सापडलं होतं.

मिरजेला ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर अक्का लहान मुलासारख्या सगळं बघत सुटल्या. स्वतःच्या हातावरची लव बघितली. अजितची बायको पद्मा, तिच्या केसांतला पांढरा तंतू शोधून काढला आणि तिला चिडवलं. फळीवरच्या डब्यांवरची धूळ बघून तर म्हणाल्या की आंधळी होते तेच बरं होतं, सून चांगली वाटत होती. पद्मा हसून हसून दमली. त्या संध्याकाळी आम्ही सगळेच मागच्या पायरीवर गेलो. सूर्य खाली उतरत होता. क्षितिजाच्या बराच वर एक राखाडी पट्टा होता. सूर्य त्या पट्ट्यात शिरला, नारिंगी झाला, मग लाल, मग उतरलेल्या निखाऱ्यासारखा, आणि डोंगर यायच्या कितीतरी आधी, आभाळातच विझला. मी घड्याळ पाहिलं. सूर्यास्ताला अजून अवकाश होता.  अक्का नव्या डोळ्यांनी त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या, आणि मग ताटात हात धुतला.

त्यानंतर मी या प्रश्नाच्या मागे लागलो, कारण एखाद्या गोष्टीचा हिशेब लागला नाही तर मला स्वस्थ बसवत नाही. साताऱ्यात आमच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. रोजची वीज किती झाली ते मी पाहतोच. धुरकट दिवसांत ढग नसतानाही वीज कमी होत होती आणि पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी वाढत होती. पावसानं पॅनेल धुतले जातात म्हणून वाढते, असंही असू शकेल, म्हणून मी महिनाभर रोज सकाळी पॅनेल स्वतः पुसून पाहिले. तरी फरक राहिला. म्हणजे ऊन वाटेतच अडत होतं. मग वाचलं. फडांचा धूर, चिमण्या, भट्ट्या, खडी फोडायची यंत्रं, रस्त्याची धूळ, डिझेल, या सगळ्यांचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तरंगत राहतात. काही कण ऊन इकडे तिकडे विखरून टाकतात, काजळीचे कण ते शोषून घेतात. थंडीत जमिनीलगतची हवा वर जात नाही, म्हणून ते तिथंच साचतात. आणि संध्याकाळी सूर्यकिरण तिरपे येतात, त्यांना त्या मळक्या हवेतून फार लांबचा रस्ता काढावा लागतो. दुपारी ऊन थोडं कमी होतं. संध्याकाळी सूर्यच नाहीसा होतो.

हे मी अक्कांना दाखवायचं ठरवलं. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, तिरप्या उन्हात धरलं आणि त्यात थेंब थेंब दूध टाकलं. अक्का म्हणाल्या, "लोकं दुधात पाणी घालत्यात. पाण्यात दूध घालणारा पयलाच बघितला." पण बघत होत्या. थेंब वाढत गेले तसा ग्लासापलीकडचा उजेड पिवळा झाला, तांबडा झाला आणि मंदावला. मी म्हटलं, अक्का, सूर्य तिथंच आहे. तो मावळलेला नसतो. मधे हे एवढंच आहे. म्हणजे तुम्ही निर्धास्त जेवू शकता, तुमचा नियम मोडत नाही.

त्यांनी ग्लास हातात घेऊन थोडा वेळ फिरवला. "म्हंजे सूर्य हाय, पर माझ्यापतोर येत न्हाई."

"हो."

"मग मला मावळलाच की वं, जावई."

 त्यांचा नियम सूर्य कुठे आहे याचा नव्हताच, आपल्या ताटावर काय येतं याचा होता. माझी वेळ अचूक होती, पण ती त्यांच्या पायरीवरची नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती सासू-जावयाची गमतीची कुरबुर झाली असती. पण अक्कांना मधुमेह होता. संध्याकाळची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असे. एका डिसेंबरात त्यांनी गोळी घेतली, धार काढायला बसल्या, म्हैस त्या दिवशी आडमुठी झाली होती, आणि त्या पायरीवर येईपर्यंत सूर्य पट्ट्यात गेलेला. जेवल्या नाहीत. तासाभरानं पद्मा मागे गेली तर अक्का पायरीवरच आडव्या, अंग घामानं ओलं, जीभ जड. साखर उतरली होती. अजितनं जबडा धरून तोंडात साखरेचं पाणी घातलं. शुद्धीवर आल्यावर त्या अजितवर रागावल्या नाहीत. नियम मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी दिवसभर उपवास केला, डॉक्टरांनी मना केलं असताना. गावात त्या वेळी एक मुनिमहाराज उतरले होते. अजित त्यांच्याकडे गेला. आजारी माणसाला सवलत आहे, असं त्यांनी अक्कांना बोलावून सांगितलं. अक्कांनी हात जोडून ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाल्या, "म्हाराजांनी दिली. म्या मागिटली न्हवती."

तेव्हापासून घराचं सगळं वेळापत्रक त्या पट्ट्याभोवती फिरू लागलं. धार लवकर काढायला लागले, म्हशी बिचकल्या, दूध कमी झालं. जेवण सहावरून साडेपाचवर, मग पाचवर आलं. सुजाता फोनवर रोज एकच विचारायची, "जेवली का गं?" पद्मा 'हो' म्हणाली की मग बाकीचं बोलणं. 'नाही' म्हणाली की सुजाता फोन ठेवून ओट्याशी उभी राहायची, आणि आमच्या घरातल्या ट्यूबलाइटखाली आम्ही दोघं जेवायला बसायचो आणि अर्ध्यावर उठायचो.

मागच्या हंगामात अजितच्या उसाला तोड वेळेवर मिळाली नाही. घरामागचा, पायरीच्या समोरचाच फड. टोळीचा मुकादम म्हणाला, पाला पेटवून द्या, उद्या तोडून देतो, नाहीतर महिनाभर थांबा. आसपास सगळेच पेटवत होते. अक्कांचा याला पहिल्यापासून विरोध होता, त्यांच्या घरात कधी पाचट जाळलं नव्हतं. अजितनं त्यांना न सांगता दिवस ठरवला. अंधार पडल्यावर पेटवायचं ठरलं होतं, पण मुकादमाच्या माणसांनी वाऱ्याचा अंदाज बघून आधीच काडी लावली. अक्का नुकत्याच पायरीवर बसल्या होत्या. त्या दिवशी हवा बरी होती, सूर्य चांगला हातभर वर होता. पहिला घास तोडला आणि समोरून धुराची भिंत उठली. सूर्य गेला. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि हात धुतला.

अजित धावत आला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर राख पडलेली होती. मला हे त्यानंच सांगितलं, खाली मान घालून. अक्का त्याला जेवणाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्यात जीव किती हुतं रं?"

तो म्हणाला, दाजी, मला सांगता आलं न्हाई.

या हंगामात त्यानं फड पेटवला नाही. टोळीला जास्तीची मजुरी दिली, पाला सरीत कुजायला ठेवला. शेजारी हसले. पण एका रानाचा धूर थांबल्यानं आभाळ निवळत नाही. चहूकडचा धूर तसाच येत राहिला. मला ते ठाऊक होतं. अजितला ते सांगावंसं मला वाटलं नाही.

अक्का गेल्या त्याच्या आदल्या दिवसाचं पद्मानं सांगितलं. सकाळी धुकं होतं, ते दुपारपर्यंत धुरात मिसळून तसंच राहिलं. चारनंतर सूर्य दिसलाच नाही. सगळीकडे राखाडी उजेड, पण सूर्य कुठे आहे ते कळेना. अक्का पायरीवर बसल्या. गोळी घेतली नव्हती. साखर उतरली होती त्या प्रसंगानंतर ताट आणि सूर्य दोन्ही समोर आल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, असं ठरलं होतं. पद्मा म्हणाली, अक्का, पाचच वाजल्यात, लय उजेड हाय, खावा. अक्का म्हणाल्या, "निघंल खालनं." ढग असले की तसं होतं, सूर्य ढगाच्या खालून डोकावतो. धुराचं तसं नसतं, तो खाली जास्तच दाट असतो. त्यांना हे ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तरी बसून राहिल्या. अंधार पडल्यावर उठल्या, भरलेलं ताट झाकलं आणि आत आल्या. दुसऱ्या दिवशी सूर्य उशिरानं दिसला, तेव्हा दूधभाकरी खाल्ली. दुपारी छातीत कळ आली आणि संपलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. एका रात्रीच्या उपवासाचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. मी ते मानतो. ज्याला पुरावा नाही ते धरून बसायचं नाही, अशी माझी आयुष्यभराची सवय आहे. पण पहाटे जाग येते, तेव्हा पहिल्यांदा ते झाकलेलं ताटच डोळ्यांसमोर येतं...

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. नदीकाठी जाईपर्यंत सूर्य पट्ट्यात शिरला होता. लाकडं रचून झाली आणि वर बघितलं तर तो नव्हता. समाजातले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, दिवस गेला, मावळल्यावर अग्नी देत नाहीत, आता कसं करायचं?  अजित हातात पेटता टेंभा घेऊन उभा होता. तो माझ्याकडे वळला. "दाजी, टाइम किती हाय?"

त्याला कुठली वेळ हवी होती, ते मला कळलं. मी मोबाइल काढला, सांगलीचा फरक धरला आणि म्हणालो, "अजून वीस मिनिटं आहेत."

ते बरोबर होतं. त्या वृद्ध गृहस्थांनी मान डोलावली आणि अजितनं अग्नी दिला. धूर सरळ वर गेला नाही, थोडा उठून इतर धुरात आडवा मिसळला. मी पश्चिमेकडे बघत उभा होतो. माझ्या हिशेबानं अक्कांना दिवसाउजेडी अग्नी मिळाला. अक्कांच्या हिशेबानं रात्र झाली होती. या दोन्हींतलं कुठलं खरं, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्चअखेरीस आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. त्या दुपारी अवकाळी पाऊस झाला, तासभर चांगला झोडपून गेला. उघडलं तेव्हा हवा धुऊन निघालेली. मागच्या बाजूला गेलो तर पश्चिमेचे डोंगर समोर उभे, त्यांवरच्या घळीसुद्धा मोजता येतील इतके स्पष्ट. राखाडी पट्टा कुठेच नव्हता. सूर्य पिवळाधमक होता आणि डोंगराच्या बराच वर होता. डेअरीची गाडी दूध घेऊन गेली. पद्मा स्वयंपाकघरातून आली, तिच्या हातात भरलेलं ताट होतं. तिनं ते पायरीवर ठेवलं आणि मग तिच्या लक्षात आलं. "हात गेला तसाच," ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

ताट कुणी उचलेना. सुजाता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सूर्य खाली येत होता, पण जराही न मळता, आणि वेळ भरपूर होता. एक काय, दोन भाकऱ्या सावकाश खाऊन झाल्या असत्या. भाकरीवर, कांद्यावर, पाण्याच्या तांब्यावर सगळीकडे ऊन पडलं होतं. भाकरीवर एक मुंगी चढली, तीही लांबून दिसत होती.

अजित गोठ्यातून आला. त्यानं हातपाय धुतले, मुंगी बोटावर घेऊन बाजूला सोडली आणि पायरीवर ताटापुढे बसला. त्याचा कसला नियम नाही, तो नेहमी नऊ-साडेनऊला टीव्हीसमोर जेवतो. भाकरी मोडून खाली मान घालून जेवायला लागला. त्याला वर बघवत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. दोन घास झाले की थांबायचा.

"हाय का अजून?"

"हाय," पद्मा म्हणाली. "जेवा तुमी सावकाश."